सुटणारी पाचर

बालीच्या देवळात पहिल्यांदा शिरणारा मराठी माणूस थोडा बावचळतो. मधोमध चिरल्यासारख्या दिसणाऱ्या दरवाजातून आत जावं तर समोर अंगण. पुढचा दरवाजा ओलांडावा तर पुन्हा अंगण. सगळ्यांत आतल्या तिसऱ्या अंगणातही गाभारा सापडत नाही. उघड्या आभाळाखाली लहान लहान देवघरं, एकावर एक छपरं रचलेले मेरू आणि नुसत्या खांबांवर उभे असलेले, भिंती नसलेले मंडप. या मंडपाला तिथे ‘बाले’ म्हणतात. देव इथे मुक्कामाला नसतात. उत्सवाला उतरतात, पाहुणचार घेतात आणि परत जातात. माणसांचा राबता मात्र बाराही महिने. गावाची बैठक, वाद्यांची तालीम, नैवेद्याची तयारी, तंटे-बखेडे, सगळं बालेत चालतं.

हे पूर्वापार असंच होतं, असं मात्र समजू नये. अकराव्या शतकात ताम्पाकसिरिंगजवळ पाकेरिसान नदीच्या दरीत दहा चांडी, म्हणजे स्मारक-मंदिरं, थेट कड्यात कोरली गेली. वेरूळ पाहिलेल्याला ती परकी वाटणार नाहीत. पुढे जावातल्या मजपहित राज्याकडून विटांचे दरवाजे आले. सोळाव्या शतकात डांग ह्यांग निरार्थ हा पुरोहित जावाहून आला. रिकाम्या दगडी आसनाची, पद्मासनाची, प्रथा त्याच्याच नावावर सांगतात. शतकागणिक काही ना काही बदलत आलं. तरीही बालीच्या उंडागीला विचारलंत तर तो म्हणेल, आम्ही काहीच बदललेलं नाही. उंडागी म्हणजे सुतारही आणि वास्तुशास्त्रीही. ताडपत्रावरची ‘अष्ट कोसल कोसली’ जाणणारा, हातात वाकस धरणारा आणि पूजेचे विधीही ठाऊक असलेला. तो असं म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो. ते कसं, हे कळायला बातुरची गोष्ट ऐकावी लागते. गोष्टीतली माणसं माझ्या मनातली आहेत. ज्वालामुखी, देऊळ आणि सालं खरी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बातुर गाव जुन्या उद्रेकाने खचलेल्या एका प्रचंड खळग्याच्या तळाशी होतं. भोवती उभे कडे, एका अंगाला सरोवर आणि मध्ये धुमसणारा बातुर पर्वत. गावच्या देवळात सरोवराच्या देवीचा, देवी दानूचा, अकरा छपरांचा मेरू होता. खालच्या भातखाचरांना मिळणारं पाणी तिचं, अशी शेतकऱ्यांची श्रद्धा. म्हणून दूरदूरचे सुबाक, म्हणजे शेतकऱ्यांचे पाणीवाटपाचे संघ, उत्सवाला धान्य, नारळ, बदकं घेऊन इथे येत. देऊळ बातुरच्या हद्दीत असलं तरी एकट्या बातुरचं नव्हतं.

जानेवारी १९१७ मध्ये बालीत मोठा भूकंप झाला. हजाराहून अधिक माणसं गेली, हजारो घरं आणि अडीच हजारांच्या आसपास देवळं पडल्याची नोंद आहे. त्याच साली बातुरही फुटला. लाव्हा गावातली घरं गिळत आला आणि देवळाच्या पायथ्याशी येऊन थांबला. लोकांनी देवीपुढे हात जोडले. देवीने अडवलं, आता इथून हलायचं नाही, असं गावाने ठरवलं. त्यांच्या जागी कोणीही तेच ठरवलं असतं.

पडझड पाहायला म्हातारा उंडागी बाहेर पडला तेव्हा नातू बरोबर होता, दहाएक वर्षांचा. नाव मादे. बालीत दुसऱ्या मुलाला बऱ्याचदा मादे म्हणतात. आजोबांना तो ‘पेकाक’ म्हणे. पारस दगडाच्या भिंती आडव्या झाल्या होत्या, दरवाजे ढिगाऱ्यात गेले होते. गावाचा मोठा मंडप, बाले आगुंग, मात्र तिरका होऊन उभा होता. खांब तळखड्यांवरून चार बोटं सरकलेले, तुळयांची टोकं खाचांतून अर्धी बाहेर आलेली, छपराचं गवत एका अंगाला ओघळलेलं.

“पेकाक, हा पडला कसा नाही?”

“त्याला सरकायला जागा होती,” म्हातारा म्हणाला आणि एकेका सांध्याला बोट लावून पाहू लागला.

बाले आगुंगबद्दल थोडं सांगायला हवं. डोंगराळ बालीतल्या जुन्या गावांत या लांबट मंडपात गावकरी दोन रांगांत बसतात, ज्येष्ठतेच्या क्रमाने. कोणी वारला किंवा कामातून निवृत्त झाला की खालचे सगळे एकेक जागा वर सरकतात. गावाचा कायदा कागदावर लिहिलेला नव्हता. तो या बालेत बसलेला असे. सर्वांत वरच्या जागेवरच्या ज्येष्ठाला कुबायान म्हणत. त्यामुळे बाले आगुंग कसा दुरुस्त करायचा, हा प्रश्न एकट्या सुतारकामाचा नव्हता. तो सगळ्या गावाचा होता, आणि गावाने तो बैठकीत घेतला.

बैठकीत कॉफीचा एक व्यापारी बोलायला उठला. उत्तरेकडच्या सिंगाराजा बंदरात त्याची ये-जा होती, चार पैसे गाठीला होते. भूकंपात त्याचं घर त्याच्या डोळ्यांदेखत बसलं होतं.

“खांब चार बोटं सरकले म्हणून आपण आनंद मानतोय,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी आठ बोटं सरकतील आणि पडतील. बंदरात आता सिमेंट मिळतं, लोखंडी खिळे मिळतात. खांब पायात गाडा, सांध्यांत खिळे ठोका. एकदाच काय तो खर्च.”

बऱ्याच माना हलल्या.

“खिळा ठोकलेला सांधा पुन्हा धड उघडत नाही,” उंडागी म्हणाला.

“उघडायचाच कशाला? जेरो उंडागी, तुम्ही बांधायला निघालात की मोडायला?”

“दोन्हीला.”

बैठकीत हशा पिकला. व्यापाऱ्याला कोणी मूर्ख ठरवू नये. ज्याने नुकतंच छप्पर कोसळताना पाहिलंय, त्याला घट्ट रुतलेलं काहीतरी हवं असतं. कुबायानने शेवटी दोघांचंही राखलं. बाले आगुंग उंडागीने त्याच्या रीतीने उभा करावा. बाहेरच्या अंगणात वाद्यं ठेवायचा बाले व्यापाऱ्याने स्वतःच्या खर्चाने, त्याच्या रीतीने बांधून द्यावा. व्यापाऱ्याने बंदरातून गवंडी आणले आणि दोन महिन्यांत काम संपवलं. वाद्यांचा तो बाले देखणा झाला, हे उंडागीनेही कबूल केलं.

उंडागीचं काम मात्र रेंगाळलं. आधी मापं. बालेचं माप फुटपट्टीवर येत नाही. घर असेल तर ते मालकाच्या अंगावरून घ्यायचं, गावाचं काम असेल तर गावच्या प्रमुखाच्या. उंडागीने कुबायानला दोन्ही हात पसरून उभं केलं. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत एक देपा. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हस्त. मग मुठी, पावलं, बोटांची पेरं. प्रत्येक माप बांबूच्या काठीवर खाच पाडून नोंदलं. या काठीला गेगुलाक म्हणतात. प्रत्येक मापाला वर थोडी भर घालायची, तिला म्हणतात उरिप, म्हणजे जीव. नुसतं माप मेलेलं असतं, भर घातली की वास्तू जिवंत होते, अशी समजूत. काम पुरं झालं की ती काठी छपरात खोचून ठेवायची.

मग लाकूड. बालीतल्या उंडागीच्या लेखी घराच्या लाकडांत फणस हा राजा आणि साग त्याचा प्रधान. कोकणात फणसाच्या खांबांच्या ओटीवर बसलेल्यांना ही प्रतवारी पटायला हरकत नाही.

संध्याकाळी काम थांबलं की पेकाक एक जुनी दंतकथा सांगत. कुठल्याशा डोंगरी गावात म्हाताऱ्यांना मारून टाकायची रीत होती. एक दिवस गावात म्हातारं माणूसच उरलं नाही. मग गावाला सभेसाठी मोठा बाले बांधावासा वाटला. झाडं पाडली, सोलली आणि पाहतात तो बुंध्याकडचं टोक कुठलं अन् शेंड्याकडचं कुठलं, कोणालाच कळेना. झाड जसं वाढलं तसाच खांब उभा राहायला हवा, बुंधा खाली. उलटा लागला तर गावावर अरिष्ट. शेवटी एका पोराने लपवून ठेवलेल्या आजोबाला बाहेर आणलं. त्याने टोकं ओळखून दिली आणि ती रीत बंद झाली.

“पण ओळखली कशी?” मादे दर वेळी विचारी.

“गरज पडली की सुचेल,” म्हणून म्हातारा पान लावायला घेई.

एके दिवशी मादेला पाचर ठोकायला मिळाली. खांबाच्या खाचेतून आडवी पट्टी आरपार जाते आणि उरलेल्या फटीत लाकडी पाचर बसते, की झाला सांधा. पोराने जीव खाऊन मोगरी चालवली. बाहेर राहिलेलं टोक कापून टाकलं आणि वर राळ भरून सांधा असा गुळगुळीत केला की पाचर कुठे आहे ते दिसूच नये. पेकाकने येऊन पाहिलं.

“काढ.”

काढायला दिवस कलला. पटाशीने कोरून कोरून खाचेची कड झिजली आणि पट्टीचं टोक फुटलं.

“आता अशी बसव, की माझं पान चघळून होईपर्यंत निघाली पाहिजे. आणि त्याआधी, कितीही हलवलं तरी निघता कामा नये.”

दुसरी खोड याहून त्रासदायक होती. म्हाताऱ्याने बालेचे खांब गावातल्या घराण्यांना वाटून दिले. एक खांब, त्याच्या पट्ट्या, त्याच्या पाचरा एका घराण्याकडे. तासायचं त्यांनी, जुळवायचं त्यांनी. जुळवून झालं की हा म्हणे, “आता सोडवा.” सोडवलं की म्हणे, “आता पुन्हा जोडा.” गावासाठी बिनमोल अंगमेहनत करायला, ‘ङायाह’ करायला, बालीत कोणी कुरकुरत नाही. पण एकच काम तीनदा करायचं म्हटल्यावर कुबायानही वैतागला. पावसाळा तोंडावर आला होता आणि व्यापाऱ्याच्या बालेत वाद्यांची तालीम कधीच सुरू झाली होती. गावातली पोरं म्हाताऱ्याची नक्कल करत: सोडवा, जोडा, सोडवा.

नऊ वर्षं गेली. कुबायान वारला, रांगेतले सगळे एकेक जागा वर सरकले. मादेला मिसरूड फुटलं.

ऑगस्ट १९२६ मध्ये बातुर पुन्हा फुटला. लाव्हा पाण्यासारखा धावत नाही. तो काळ्या धोंड्यांचा कोसळता ढीग पुढे ढकलत येतो, आतून लाल. लोकांना पळायला वेळ मिळाला, आणि म्हणूनच या उद्रेकात मनुष्यहानी जवळजवळ झाली नाही. पहिल्या रात्री गाव देवळाशी जमलं. गेल्या खेपेला देवीने इथेच अडवलं होतं. पहाटेपर्यंत कळून चुकलं, या खेपेला अडणार नाही.

कुलकुल, म्हणजे लाकडाच्या पोकळ खोडाचा नगारा, भराभर बडवला गेला. सगळ्यांत आधी देवीच्या प्रतिमा निघाल्या. मग मेरू. त्याच्या पोटातले पेडागिंगान, पायात आणि शिखरात ठेवलेले धातूंचे आणि रत्नांचे तुकडे, पुजाऱ्याने मंत्र म्हणून बाहेर घेतले, आणि माणसं वर चढली. शिखराकडून एकेक छप्पर सुटत खाली येऊ लागलं. उंडागी खाली उभा राहून नुसतं पाहत होता. त्याने एकही हुकूम दिला नाही. देण्याची गरज पडली नाही, कारण बाले आगुंगपाशी प्रत्येक घराणं आपापल्या खांबाशी उभं होतं आणि पाचरा निघत होत्या.

बाहेरच्या अंगणात व्यापारी घणाने आपल्या बालेचे सांधे फोडू पाहत होता. खिळ्याभोवती लाकूड उभं चिरत गेलं. खांब पायातल्या सिमेंटमधून निघेना. त्याने थोडा वेळ झटापट केली, घण टाकला आणि मेरूचं एक छप्पर उचलणाऱ्या चौघांत जाऊन पाचवा झाला. त्या दिवशी कड्यावर सर्वांत जास्त खेपा त्यानेच केल्या.

मादे दोन पट्ट्या खांद्यावर टाकून निघाला तेव्हा म्हाताऱ्याने त्याला अडवलं.

“गेगुलाक घेतलास?”

“पेकाक, बांबूची काठी ती! इथे फणसाचं लाकूड जळायला आलंय.”

“फणस कुठेही मिळेल. पट्ट्या खाली ठेव आणि आधी ती काढ.”

मादे अर्ध्या उघड्या पडलेल्या छपरात चढला आणि धुराने काळी झालेली काठी घेऊन उतरला. बाले आगुंगचे निम्मे खांब वर पोहोचले, निम्मे राहिले. दिवस मावळेपर्यंत गाव आणि देवळाचा बहुतेक भाग लाव्ह्याखाली गेला होता.

पुढचे महिने शेजारच्या गावांच्या आसऱ्याने निघाले. मग खळग्याच्या काठावर, कड्याच्या माथ्यावर नवी जागा ठरली आणि १९२७ मध्ये पुन्हा बांधायला सुरुवात झाली. इथे गोष्टीला जे वळण लागलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. कारण लाव्ह्यापर्यंत उंडागी शहाणा आणि व्यापारी चुकलेला, एवढाच सरळ हिशेब होता. नव्या जागी दोघांनीही आपापल्या बाजू सोडल्या.

बैठक भरली, उघड्यावरच. व्यापारी उठला. सर्वस्व गेल्यावर माणूस कसा बोलतो तसा तो बोलत होता.

“जे होतं ते जसंच्या तसं हवं. बाले आगुंग तेवढाच लांब, तेवढाच उंच, गवताचं तेच छप्पर. एका बोटाचाही फरक नको. माप आहेच आपल्याकडे.” त्याने मादेच्या हातातल्या काठीकडे बोट दाखवलं. सगळं गाव हो म्हणालं. बायका रडल्या.

“मेरू या काठीने उभा राहील,” उंडागी म्हणाला. “तो देवीचा आहे आणि त्याचे तुकडे पुरे आहेत. बाले आगुंग गावाचा. त्याच्यासाठी नव्या कुबायानला बोलवा आणि हात पसरून उभं करा.”

एकदम गलका झाला. नवा कुबायान अंगाने लहानखुरा होता, जुन्यापेक्षा चांगला वीतभर बुटका.

“अहो, बाले ठेंगणा होईल!”

“होईल.”

“जुन्या खांबांचं काय?”

“खालून कापू. वाढवता आले नसते, कापता येतात.”

“मग ही काठी आणायला पोराला आगीत कशाला धाडलंत?”

म्हाताऱ्याने काठी हातात घेतली. “माप कसं घ्यायचं ते या काठीत आहे. पहिली खाच देपाची, दुसरी हस्ताची, कुठे किती उरिप घालायचा, किती मुठींवर तुळई. हे मी विसरलो, मादे विसरला, तर कोणाला विचारणार? हात मात्र जिवंत माणसाचे लागतात. मेलेल्याच्या हातांवर जिवंत गावाला बसवायचं नसतं.”

याच सुमारास बालीत दुसरीकडेही असाच वाद चालू होता. भूकंपात पडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीवर देखरेख करायला डच सरकारने मोयेन नावाचा वास्तुकार नेमला होता. जुनी शैली निर्भेळ राहावी, असा त्याचा आग्रह. बालीवर त्याने मोठा ग्रंथही लिहिला. त्याचा हेतू चांगला होता आणि त्याच्यामुळे पुष्कळ टिकलं. पण निर्भेळ म्हणजे नेमकी कुठल्या शतकातली, हा प्रश्न उरतोच. कड्यात कोरलेली? मजपहितच्या विटेची? की रिकाम्या आसनाची? बाहेरच्याला परंपरा म्हणजे एक चित्र वाटतं आणि ते पुसू नये असं वाटतं. सगळं गमावलेल्या घरच्या माणसालाही तसंच वाटतं, हे बातुरच्या बैठकीत दिसलं.

बाले ठेंगणा झाला. कड्यावर वारा कसा असतो ते तिथे पहिला पावसाळा झेलल्यावर गावाला कळलं. खाली होता तेवढ्या उंचीचा बाले वर टिकलाच नसता. गवताचं छप्पर धुक्यात कुजेल म्हणून उंडागीने त्या डोंगराळ भागात चालणाऱ्या, बांबूच्या चिरफळ्यांच्या कौलांचं छप्पर घातलं. आणि एक दिवस तो स्वतः व्यापाऱ्याकडे गेला.

“तुमचं ते सिमेंट मिळेल का?”

व्यापारी पाहतच राहिला.

“जोतं भुसभुशीत जमिनीवर आहे,” म्हातारा म्हणाला. “दगड धरायला हवेत. जे उचलून न्यायचं नाही, तिथे सिमेंट चालेल. खांबाला मात्र लावू देणार नाही.”

काळ्या दगडाचं जोतं सिमेंटमध्ये बसलं. त्यावर मोकळे तळखडे आणि तळखड्यांवर खांब.

चार खांब कमी पडत होते. बंदरातून करवतीने कापलेलं लाकूड आलं: चारी बाजू सारख्या, दोन्ही टोकं सपाट, साल नाही, गाठ नाही. बुंधा कुठला आणि शेंडा कुठला, काहीच खूण नाही. उंडागीची नजर आता गेली होती. त्याने नुसता मादेकडे चेहरा वळवला. मादे बराच वेळ लाकडाभोवती फिरला. मग त्याने माप घेऊन बरोबर मध्यावर दोरी बांधली आणि दोन माणसांकडून खांब उचलवला. एक टोक हळूच खाली झुकलं. बुंध्याकडचं लाकूड भरीव असतं, वजनदार असतं. जातककथांतल्या महौषध पंडिताला खैराच्या दांडक्यावरून हेच कोडं घातलं होतं. त्याने दांडका पाण्यात सोडला होता आणि जड टोक बुडालं होतं. कड्यावर पाणी नव्हतं, दोरी होती.

“आणि उलटा लावला असता तर?” व्यापाऱ्याने विचारलं. वाद घालायचा म्हणून नव्हे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. “लाकडाला काय कळतंय?”

“लाकडाला कळो न कळो,” म्हातारा म्हणाला, “खाली बसणाऱ्याला कळतं.”

बाले उभा राहिला. मेलास्पासचा विधी झाला, ज्याने वास्तूत जीव येतो. नव्या कुबायानच्या मापाची नवी काठी छपरात गेली, आणि जुनी मादेच्या हवाली झाली. त्यानंतर उंडागीने घराण्यांना बोलावलं आणि म्हणाला, “आता सोडवा.” या वेळी कोणी हसलं नाही. व्यापाऱ्याच्या घराण्याला दोन नवे खांब मिळाले होते, आणि त्यांच्या पाचरा पान चघळून होण्याआधी निघाल्या.

गोष्ट इथे संपते. पुढचं सगळं सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. कड्यावरचं हे देऊळ, पुरा उलुन दानू बातुर, नंतर वाढत गेलं, अंगणं पसरली, दरवाजे उंच झाले. २०१२ साली युनेस्कोने बालीच्या सुबाक-भूमीला जागतिक वारसा ठरवलं, त्यात हे देऊळ आहे. दक्षिणेत देनपासार शहरात वस्त्यांचे बाले आता काँक्रीटचे आणि दुमजलीही असतात. तिथे मतदान होतं, लहान मुलांची शाळा भरते, संध्याकाळी वाद्यांची तालीम चालते. ते पाहून बाली संपली म्हणणारे प्रवासी भेटतात. मला तसं वाटत नाही. काँक्रीटच्या खांबाला माझी हरकत नाही. त्या बालेसाठी वस्तीतली माणसं आजही स्वतः राबायला येतात की कंत्राटदाराला पैसे देऊन मोकळी होतात, एवढंच विचारावं. बऱ्याच ठिकाणी ती येतात. जिथे येत नाहीत, तिथे खांब फणसाचे असले तरी तो बाले नुसता शोभेचा.

आपल्याकडून बालीला जाणाऱ्यांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. बहुतेक जण किंतामणीला जेवायला थांबतात, समोर बातुर पर्वत ठेवून फोटो काढतात आणि पुढे निघतात. तिथून देऊळ अगदी जवळ आहे. कमरेला सारोंग बांधून आत जा. मेरूची छपरं मोजून झाली की एखाद्या जुन्या लाकडी बालेपाशी थांबा आणि खांबातून आडवी पट्टी कुठे आरपार जाते ते पाहा. पाचर दिसेल. हात लावून पाहायला हरकत नाही, फक्त हलवून पाहू नका.